फळ्यांचे ठसे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने नॉर्वेच्या उत्तर टोकापासून फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेपर्यंत, म्हणजे पश्चिम युरोपच्या जवळजवळ सगळ्या समुद्रकिनाऱ्यावर, जी तटबंदी उभारली तिला ‘अटलांटिक भिंत’ असे म्हटले जाते. हे नाव त्या काळच्या जर्मन प्रचाराने रूढ केले. प्रत्यक्षात सलग भिंत कोठेच नव्हती. बंदरांच्या तोंडाशी आणि खाड्यांच्या मुखाशी बंकरांचे दाट पुंजके होते, आणि त्यांच्या मधल्या किनाऱ्यावर कोठे विरळ चौक्या, कोठे तारेचे कुंपण, कोठे नुसतीच वाळू होती. बंकर म्हणजे पोलादी सळ्यांच्या जाळ्याभोवती काँक्रीट ओतून घडवलेली, बहुधा अर्धी जमिनीत पुरलेली जाड भिंतींची वास्तू. तोफ, दारूगोळा, संदेशयंत्रणा किंवा नुसती झोपलेली माणसे बॉम्बच्या माऱ्यात शाबूत राहावीत, एवढेच तिचे प्रयोजन. अशा हजारो वास्तू आज ऐंशी वर्षांनंतरही त्या किनाऱ्यावर आहेत. काही वाळूखाली गेल्या आहेत, काही कलंडल्या आहेत, काही लाटांत उभ्या आहेत, आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्न ज्या देशांच्या भूमीवर त्या उभ्या आहेत त्यांना अजून पुरता सुटलेला नाही.

हिटलरचा या तटबंदीसंबंधीचा मूळ आदेश २३ मार्च १९४२ चा आहे. जर्मनीचे बहुतेक सैन्य तेव्हा सोव्हिएत रशियात गुंतले होते, अमेरिका युद्धात उतरली होती, आणि पश्चिमेचा लांबलचक किनारा राखायला पुरेशी माणसे उरली नव्हती. तेव्हा जेथे माणसे कमी पडणार तेथे काँक्रीट उभे करायचे, असा या योजनेमागचा साधा हिशेब होता. आदेशानंतर पाचच दिवसांनी ब्रिटिश कमांडो पथकांनी सें-नाझेर बंदरावर धाड घातली आणि तेथील प्रचंड सुकी गोदी निकामी केली, तर १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएप बंदरावर मुख्यतः कॅनडाच्या सैनिकांनी केलेला हल्ला किनाऱ्यावरच मोडून पडला. पहिल्या घटनेने भीती वाढवली आणि दुसरीने काँक्रीटवरचा विश्वास वाढवला. १९४३ च्या अखेरीस फील्ड मार्शल रोमेल किनाऱ्याच्या पाहणीला आला तेव्हा त्याला ही भिंत ठिकठिकाणी पोकळ आढळली, आणि शत्रूला पाण्याच्या कडेवरच अडवले पाहिजे या मताने त्याने लाखो सुरुंग पेरून घेतले, ओहोटीच्या पट्ट्यात लाकडी खांब आणि पोलादी अडथळे रोवून घेतले. सगळ्या तटबंदीत मिळून सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर काँक्रीट आणि १२ लाख टन पोलाद गेले, असा हिशेब सर्वसाधारणपणे दिला जातो.

हे काम इतक्या वेगाने होऊ शकले याचे एक कारण ‘रेगेलबाऊ’ या पद्धतीत आहे. या जर्मन शब्दाचा अर्थ ठरावीक नमुन्याचे बांधकाम असा होतो. प्रत्येक बंकराचा नकाशा आधीच तयार असे, त्याला क्रमांक असे, आणि त्या क्रमांकावरून किती सिमेंट, किती सळई, किती पोलादी दरवाजे लागतील हे कागदावरच ठरलेले असे. अशा नमुन्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. ६२२ क्रमांकाचा नमुना वीस माणसांच्या निवाऱ्याचा होता, आणि तो नॉर्वेतही तसाच बांधला गेला व फ्रान्समध्येही. नेहमीच्या बंकराच्या भिंती आणि छत दोन मीटर जाडीचे असत, फार महत्त्वाच्या ठिकाणी ही जाडी साडेतीन मीटर होई. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर तटबंदी म्हटली की जी चित्रे येतात त्यांपासून ही वास्तू फार दूरची आहे, कारण दुर्गाच्या बांधणीत डोंगराचा उतार, हाताशी असलेला दगड आणि स्थानिक पाथरवटाचा हात यांची छाप उमटल्याशिवाय राहत नाही. बंकराला तशी जागेची ओळख नाही. त्याला किल्ल्याच्या जंगीसारखी एक आडवी फट मात्र आहे, आणि त्या फटीतून समोरचा समुद्र दिसतो. पण ती फटही नॉर्वेतल्या फियोर्डच्या कड्यावर आणि बिस्केच्या आखाताच्या वाळूत एकाच मापाची आहे.

बंकर पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा या फटीकडे आणि तोफेच्या जागेकडे जाते. ते भिंतीच्या पृष्ठभागाकडे जावे. काँक्रीट ओतण्यासाठी आधी लाकडी फळ्यांचा साचा उभारावा लागतो, ज्याला मराठी बांधकामात सेंट्रिंग म्हणतात; काँक्रीट घट्ट झाल्यावर फळ्या काढून घेतल्या जातात, पण फळीच्या कडा, तिच्या शिरा, तिच्यातली एखादी गाठ काँक्रीटवर जशीच्या तशी उमटलेली राहते. बंकराचे काँक्रीट शक्यतो सलग ओतावे लागे, कारण मध्ये खंड पडला तर जुन्या आणि नव्या थरात सांधा राहतो आणि स्फोटाच्या दणक्याने भिंत नेमकी तेथेच फाटते. म्हणून कामाला एकदा सुरुवात झाली की ते रात्रीही थांबत नसे, पाळ्या बदलत आणि मिश्रण पडत राही. त्या भिंतींवर आज दिसणाऱ्या आडव्या रेषांमागे अशा रात्री आहेत. काही ठिकाणी ओल्या काँक्रीटवर कोणी खिळ्याने साल कोरले आहे, क्वचित नावाची आद्याक्षरे. बाकी सगळे हात निनावी आहेत.

ते हात कोणाचे, या प्रश्नापाशी या वास्तूंचा खरा वारसा सुरू होतो. बांधकामाचे सूत्र ‘ऑर्गनायझेशन टोट’ या जर्मन यंत्रणेकडे होते. अभियंता फ्रिट्झ टोट याच्या नावाने ती ओळखली जाई आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये विमान अपघातात तो मेल्यावर ती आल्बर्ट श्पेअरकडे आली. पण तिच्यासाठी वाळू उपसणारे, सळ्या वाकवणारे, सिमेंटची पोती वाहणारे बहुसंख्य लोक जर्मन नव्हते. त्यांत मजुरीसाठी आलेले होते, बेकारीने आणलेले होते, फ्रान्समध्ये फेब्रुवारी १९४३ च्या सक्तीच्या श्रमसेवेच्या कायद्याने ओढले गेलेले होते. स्पेनमधील यादवी युद्धात हरून फ्रान्समध्ये आश्रयाला आलेले आणि तेथून छावण्यांतून कामावर धाडले गेलेले हजारो प्रजासत्ताकवादी होते, आणि पूर्व युरोपातून आणलेले युक्रेनी, पोलिश व रशियन कैदी होते. खाजगी ठेकेदारही होते, आणि ते पुष्कळदा त्याच देशाचे होते ज्याच्या किनाऱ्यावर परकी भिंत उभी राहत होती. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे काम डॅनिश ठेकेदारांनी डॅनिश मजुरांकडून करून घेतले, आणि त्या मजुरांना पगार मिळत होता. उपासमारीने मेलेला कैदी आणि पगारी कारागीर यांना एकाच वाक्यात बसवणे अन्यायाचे होईल. तरी त्या दोघांनी ओतलेले काँक्रीट आज सारखेच दिसते.

इंग्लिश खाडीतील आल्डर्नी या छोट्या बेटाची हकीकत या बाबतीत सर्वांत विदारक आहे. हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या आधिपत्याखालचे असून, जून १९४० मध्ये तेथील जवळजवळ सगळे रहिवासी बोटींतून इंग्लंडला गेले आणि रिकाम्या बेटावर जर्मनांनी चार मुख्य छावण्या वसवल्या. त्यांना जर्मनीच्या बेटांची नावे दिली: हेल्गोलांड, बोर्कुम, नोर्डर्नाय आणि सिल्ट. सिल्ट ही छावणी १९४३ मध्ये एस. एस. या संघटनेच्या ताब्यात गेली. तेथे राबवून घेतलेल्यांपैकी किती मेले यावर अनेक दशके वाद होता, आणि निरनिराळे आकडे निरनिराळ्या हेतूंनी मांडले जात होते. शेवटी ब्रिटिश राजकारणी लॉर्ड पिकल्स यांनी नेमलेल्या अभ्यासगटाने २०२४ मध्ये कागदपत्रे तपासून मृतांची संख्या बहुधा ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान असावी, असा निष्कर्ष दिला. युद्ध संपल्यावर एवढा साधा प्रश्न अधिकृतपणे सोडवायला ७९ वर्षे लागली, आणि या सर्व काळात त्या बेटावरचे बंकर पर्यटकांना खुणावत उभे होते.

नॉर्वेत तर विस्मरणाने सक्रिय रूप घेतले. सुमारे एक लाख सोव्हिएत युद्धकैदी जर्मनांनी तेथे आणले आणि रेल्वेमार्ग, रस्ते व किनाऱ्यावरची ठाणी यांच्या बांधकामाला जुंपले. त्यांतले १३ हजारांहून अधिक थंडीने, उपासाने आणि गोळीने मेले व छावण्यांच्या आसपास ठिकठिकाणी पुरले गेले. १९५१ मध्ये, शीतयुद्धाच्या संशयाने ग्रासलेल्या नॉर्वेच्या सरकारने उत्तर भागातील ही थडगी उकरून मृतांचे अवशेष ट्योट्टा नावाच्या एका बेटावर एकत्र नेऊन पुरले, कारण थडग्यांना भेट देण्याच्या निमित्ताने सोव्हिएत लोक लष्करी महत्त्वाच्या प्रदेशांत हिंडतील अशी धास्ती होती. अवशेष डांबर लावलेल्या कागदी पोत्यांत घालून नेले गेले आणि या मोहिमेला ‘अस्फाल्ट’ म्हणजे डांबर असेच नाव पडले. बंकर मात्र होते तेथेच राहिले, आणि त्यांतले काही नव्या राष्ट्रीय संरक्षणव्यवस्थेत उपयोगीही पडले. बांधणारे हलवले गेले, बांधलेले ठेवले गेले. या एका व्यवहारात जे घडले त्याहून अधिक बोलके उदाहरण या सगळ्या किनाऱ्यावर शोधून सापडणे कठीण आहे.

बंकरांची कथा बहुधा ६ जून १९४४ या दिवसाभोवती सांगितली जाते. हे स्वाभाविक आहे, कारण त्या दिवशी नॉर्मंडीच्या पाच किनाऱ्यांवर दोस्त सैन्य उतरले आणि दोन वर्षे राबून उभारलेली भिंत एका दिवसात अनेक जागी फुटली. लोंग-स्यूर-मेर येथील चार तोफांच्या ठाण्याने त्या दिवशी युद्धनौकांशी झुंज दिली आणि दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. तोफा जागच्या जागी असलेले ते ठाणे आज फ्रान्समध्ये संरक्षित स्मारक आहे. पॉइंत द्यु ओक या कड्यावर अमेरिकी रेंजर दोरांनी चढून गेले तेव्हा ज्या तोफांसाठी त्यांनी जीव धोक्यात घातला होता त्या बंकरांत नव्हत्याच. त्या आधीच किनाऱ्यापासून आत हलवल्या गेल्या होत्या आणि नंतर एका वाटेच्या कडेला सापडल्या. या लढायांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तटबंदीच्या बहुतांश लांबीवर लढाई झालीच नाही, आणि बहुतेक बंकरांच्या वाट्याला आली ती नुसती प्रतीक्षा. डेन्मार्कमधील हान्स्टहोल्म आणि समोरच्या नॉर्वेतील क्रिस्तियानसांडजवळचे म्योविक येथे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या प्रचंड तोफा बसवल्या होत्या. दोन्ही बाजूंच्या तोफांनी आणि मधल्या सुरुंगांनी स्कागेराक सामुद्रधुनी बंद करायची असा बेत होता, आणि त्यासाठी हान्स्टहोल्मच्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्या समुद्रमार्गे हल्ला कधीच आला नाही.

या प्रतीक्षेत भारतीय माणसेही होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश सैन्यातून लढताना पकडल्या गेलेल्या भारतीय कैद्यांमधून सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने जर्मनीत ‘आझाद हिंद’ पलटण उभी राहिली, जिला जर्मन सैन्यात ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट म्हणत; तिच्यात अडीच हजारांहून अधिक जवान होते. बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले, आणि मागे राहिलेल्या या पलटणीला आधी नेदरलँड्सच्या आणि त्या वर्षीच्या शरदापासून फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बोर्दोजवळच्या लाकानो येथे, तटरक्षणाला पाठवले गेले. १९४४ च्या फेब्रुवारीत रोमेलने तिची पाहणी केली. मायभूमीच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांनी शपथ घेतली ते शिपाई अशा रीतीने पाइनच्या जंगलाला पाठ करून, परक्या देशाच्या परक्या किनाऱ्यावर, परक्याने व्यापलेल्या समुद्राकडे पाहत राहिले, आणि ऑगस्टमध्ये माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांच्या समोरच्या क्षितिजावर कोणीही आले नाही. या पलटणीच्या निष्ठेविषयी निवाडा देणे सोपे नाही. एका साम्राज्याच्या गणवेशातून निघून दुसऱ्या क्रूर सत्तेच्या गणवेशात शिरलेल्या त्या तरुणांना निवडीची मोकळीक किती होती, याचा विचार केल्यावाचून तो देऊही नये. पण अटलांटिक भिंतीच्या इतिहासात पंजाबी, राजपूत, गढवाली जवानांच्या त्या महिन्यांना जागा असली पाहिजे.

युद्ध संपल्यावर पहिले काम सुरुंग काढण्याचे होते, आणि तेही पुन्हा बंदी हातांकडूनच करवले गेले. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे दहा लाखांहून अधिक सुरुंग १९४५ मध्ये जर्मन सैनिकांकडून, त्यांत कोवळ्या वयाचीही मुले होती, हातांनी काढवून घेण्यात आले; सुमारे दीडशे जण त्यात मेले. मग दरवाजे, तारा, तोफा, जे पोलाद काढता येईल ते भंगारात गेले. काँक्रीट राहिले, कारण ते फोडणे बांधण्याहून महाग होते. त्यानंतरची दोन-तीन दशके या वास्तूंकडे कोणी गंभीरपणे पाहिले नाही. शेतकऱ्यांनी त्यांत बटाटे साठवले, मुलांनी लपंडाव मांडला, आणि सुटीला आलेल्या लोकांनी त्यांच्या आडोशाला कपडे बदलले. जवळच राहूनही न पाहण्याची एक सवय किनाऱ्यावरच्या समाजांना लागली, आणि ज्या गावांत ठेकेदार, मजूर, कैदी आणि प्रतिकार करणारे असे सगळेच एका गल्लीत राहत होते तेथे ती सवय कदाचित शेजारधर्म टिकवण्यासाठी गरजेचीही असेल.

ही नजर प्रथम बदलली ती फ्रेंच विचारवंत पॉल विरिलिओ याने. त्याचा जन्म १९३२ चा, बालपण बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या नांत शहरात गेले. समुद्र जवळ असूनही किनारा निषिद्ध असल्यामुळे त्याने तो पाहिला तो जर्मन गेल्यावर. १९५८ पासून काही वर्षे तो किनाऱ्यावर हिंडून बंकरांची छायाचित्रे घेत राहिला आणि १९७५ मध्ये पॅरिसच्या सजावटी कला संग्रहालयात ‘बंकर पुरातत्त्व’ या नावाने त्यांचे प्रदर्शन व पुस्तक झाले. ज्या वास्तूंना त्या वेळी जेमतेम तीस वर्षे झाली होती त्यांना पुरातत्त्वाचा विषय म्हणणे, हेच मोठे धाडस होते. इतर इमारतींसारखा बंकर पायाने जमिनीत रोवलेला नसतो, तो आपल्याच वजनावर वाळूत तरंगतो, म्हणून आजूबाजूची जमीन बॉम्बने उडाली तरी तो न फुटता कलंडतो, हे त्याने दाखवून दिले; गोलावलेल्या कडांमध्ये त्याला प्राचीन थडग्यांचे साम्य दिसले. त्या प्रदर्शनाच्या आधीच क्लोद पारां या वास्तुविशारदाबरोबर त्याने नेव्हेर येथे बंकरासारख्याच घडणीचे चर्च बांधले, ज्याच्या जाड भिंती आत आलेल्याला आश्रय देतात. तरीही विरिलिओच्या नजरेत वास्तूची भव्यता आहे, वेग आणि युद्धाचे तत्त्वज्ञान आहे, पण सिमेंटचे पोते उचलणारा माणूस फारसा नाही. त्याच्या प्रतिभेला बाधा न आणता एवढी उणीव नोंदवली पाहिजे, कारण बंकरांवर नंतर जे पुष्कळ लिहिले गेले आणि जी पुष्कळ सुंदर छायाचित्रे निघाली त्यांनी ही उणीव वारशाने घेतली.

पुढच्या पिढ्यांनी बंकरांना निरनिराळी कामे दिली. सें-नाझेरच्या पाणबुडी तळात आज सभागृहे आहेत, बोर्दोच्या तळात २०२० पासून भिंतींवर प्रकाशचित्रे खेळतात. नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या वाळूटेकड्यांतील काही बंकर वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी राखले आहेत. त्याच हेगमधून तटबंदीसाठी लाखाहून अधिक माणसांना घरांबाहेर काढले होते. डेन्मार्कमधील ब्लोवांड येथे १९९५ मध्ये, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, ब्रिटिश शिल्पकार बिल वुड्रो याने किनाऱ्यावरच्या बंकरांना पोलादी डोकी आणि शेपट्या बसवून त्यांची खेचरे केली. खेचराला वंश नसतो. या वास्तूंचाही पुढे वंश चालू नये, असा त्या शिल्पाचा रोख आहे, आणि लहान मुले त्यांच्या पाठीवर चढतात तेव्हा तो अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता समुद्राने स्वतःच काम हाती घेतले आहे. खाऱ्या पाण्यातील क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म भेगांतून सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे तो आतून काँक्रीट फोडतो. उघड्या पडलेल्या गंजक्या सळया पोहणाऱ्यांना धोक्याच्या ठरतात, म्हणून डेन्मार्कने पश्चिम किनाऱ्यावरचे अनेक बंकर मुद्दाम काढून टाकले. उलट, २००८ मध्ये त्याच किनाऱ्यावर हौवी येथे वादळाने वाळू हलवली तेव्हा १९४५ पासून बंद राहिलेले बंकर उघडे पडले आणि सैनिकांच्या वस्तू आतल्या आत जशाच्या तशा सापडल्या. श्पेअरने आपल्या आठवणींत सांगितले आहे की, नाझी राजवटीच्या इमारती हजार वर्षांनीही भव्य अवशेष म्हणून शोभाव्यात अशा पद्धतीने नैसर्गिक दगडात बांधण्याचे त्याच्या मनात होते. त्याच राजवटीचा सर्वांत विस्तीर्ण अवशेष असा किनाऱ्याच्या वाळूत, गंजाच्या तपकिरी ओघळांसह विरघळत आहे.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील पिला ही युरोपातील सर्वांत उंच वाळूटेकडी वाऱ्याबरोबर दरवर्षी थोडीथोडी आतल्या जंगलावर सरकते. तिच्यावर बांधलेले बंकर तिच्याबरोबर सरकू शकले नाहीत. खालची वाळू निघून गेली तसे ते उतारावरून घसरत किनाऱ्यावर आले, आणि आता भरतीच्या पाण्यात अर्धे बुडून, कोणी पालथा, कोणी कुशीवर, असे पडले आहेत. ज्या फटीतून समुद्र न्याहाळायचा होता ती कोठे आकाशाकडे वळली आहे, कोठे वाळूत तोंड खुपसून आहे. ओहोटीला पाणी मागे हटते तेव्हा शिंपल्यांच्या आणि शेवाळाच्या थराच्या वर, जेथे लाट क्वचित पोहोचते तेथे, फळ्यांच्या आडव्या रेषा अजून स्वच्छ दिसतात, आणि एखाद्या जागी लाकडातली गाठही ओळखता येते.